बोर्डावरचं मूळ

माझा नवरा कोल्हापुरातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये अटेंडंट होता. तो वारल्यावर त्याच्या जागेवर मला घेतलं. माझं शिक्षण चौथी पास. पण अटेंडंटला वाचता आलं की भागतं. कुठल्या कपाटाची कुठली किल्ली, कुठल्या बॅचला कुठली भिंगं काढून द्यायची, एवढं कळलं की झालं. नव्वदनंतर लवकरच मी कामाला लागले आणि पुढं तिथूनच रिटायर झाले. त्यातल्या एका वर्षाबद्दल हे लिहिते आहे. त्या वर्षी मी एक कागद बोर्डाला लावला आणि एका मुलीचं शिक्षण थांबलं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला खगोलाचा एक छोटा पेपर होता. तो शिकवणारे सर एकटेच. वाळलेले, उंच, पँटीला कायम खडूचे हात पुसलेले. मुलं हा पेपर सोपा म्हणून घ्यायची आणि पहिल्या महिन्यात पस्तावायची. सर काही पाठ करून घेत नसत, करायला लावत. पहिल्या तासाला मी काळे पडदे ओढायचे आणि टेबलावर मधोमध दिवा लावायचे. तो सूर्य. सर एका मुलाला पृथ्वी करायचे, दुसऱ्याला चंद्र. चंद्रानं पृथ्वीभोवती फिरायचं आणि पृथ्वीनं स्वतःभोवती गिरकी घेत दिव्याभोवती फिरायचं. दरवर्षी कुणीतरी पृथ्वी चक्कर येऊन बाकावर बसायची आणि वर्ग हसायचा. दिवा आणि पडदे माझ्याकडं, म्हणून मी मागं स्टुलावर बसून असायचे. त्यामुळं तेच तेच तास मी दरवर्षी ऐकले. आवड होती असं नाही. स्टूल तिथंच होतं.

एका तासाला सर महिन्यांची नावं कुठून आली ते सांगायचे. पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्रापाशी असतो त्याचं नाव महिन्याला. चित्रेपाशी असला की चैत्र, कृत्तिकेपाशी असला की कार्तिक, मघेपाशी असला की माघ. आणि चंद्र रोज साधारण एक नक्षत्र पुढं सरकतो. म्हणजे पौर्णिमेपासून बोटं मोजत मागं-पुढं गेलं की कुठल्याही दिवशी चंद्र कुठं होता ते सांगता येतं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला रागच आला. चाळीस वर्षं मी चैत्र-वैशाख म्हणत आले होते, उपास धरले, सोडले, आणि एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

ती मुलगी मलकापूरची. वडिलांचं तिथं किराणा दुकान. इथं मुलींच्या होस्टेलला राहायची. प्रॅक्टिकल संपलं की बाकीच्या मुली पळायच्या, ही थांबून माझ्याबरोबर भिंगं पुसायची. बोलणं हळू, अक्षर छापल्यासारखं. तिला बी.एस्सी. पुरी करायची होती आणि नंतर एम.एस्सी. पण वडिलांनी सांगून ठेवलं होतं की चांगलं स्थळ आलं की उरकून टाकणार, परीक्षेसाठी थांबणार नाही.

स्थळ आलं ते कॉलेजातूनच. आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क. त्यांनी फी भरायच्या रांगेत हिला बघितलं, चौकशी केली आणि मुलासाठी मागणी घातली. मुलगा कागलकडं एमआयडीसीत नोकरीला. हेडक्लार्कनी पत्रिका मागून घेतली, ती जुळली, आणि त्यांनी आपणहून शब्द दिला की लग्नानंतर मुलगी कॉलेज पुरं करेल, मी स्वतःच इथं आहे म्हणून. साखरपुडा दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की करायचा ठरला.

मी तिला विचारलं, "मुलगा कसा हाय गं?"

"नीट बघितला नाही, मावशी."

"मग होय कशी म्हणालीस?"

"बी.एस्सी. करू देणार आहेत."

"आणि तो लंगडा असला तर?"

"चालत आला होता की बघायला," ती म्हणाली, आणि भिंगावर फुंकर मारून पुसायला लागली.

पाऊस संपला की सर मुलांना संध्याकाळी गच्चीवर न्यायचे. दुर्बीण वर चढवायचं काम माझं. त्या वर्षी ऑक्टोबरात पहिल्यांदा आभाळ मोकळं मिळालं. दिवेलागणीची वेळ. नैऋत्येला खाली विंचवाचा आकडा दिसत होता. सरांनी बोट केलं आणि सांगितलं की ते लाल ज्येष्ठा, आणि त्याच्या खाली शेपटी वळते ते मूळ. लवकर बघून घ्या, थोड्या वेळात मावळेल.

मी दुर्बिणीची पेटी हातात धरून उभी होते. ती खाली ठेवली आणि बघितलं.

माझा जन्म मुळावरचा. मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याला गिळते असं आमच्याकडं मानतात. माझ्या लग्नाच्या वेळी आईबापानं ते सांगितलं नाही. लग्नानंतर आठ महिन्यांत सासरा वारला. तो दारूनं गेला. माझं लग्न व्हायच्या आधीपासून त्याचं पोट फुगलेलं होतं, पाय सुजलेले होते. उचगावात सगळ्या गल्लीला ते माहीत होतं. पण सासूनं माझ्या माहेरच्या गावात जाऊन चौकशी केली आणि मूळ काढून आणलं. त्यानंतर ती जगली तोवर तिनं मला नावानं हाक मारली नाही. "मूळ" म्हणायची. ए मूळ, भाकरी टाक. ए मूळ, म्हशीला पाणी दाव. माहेराहून मला न्यायला भाऊ आला, तर त्यालाही मूळच म्हणतात, लेकीला न्यायला येणारा माणूस. तेव्हा सासू दारात बसून म्हणायची, "मुळाला न्यायला मूळ आलंय. न्या, पण परत आणू नका."

ते मूळ हे असं. शेपटीचे काही तारे. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल.

सर शेजारी आले तेव्हा मी विचारलं, "सर, ह्याच्यात वाईट काय हाय?"

"कशात?"

"मुळात."

"काही नाही, मावशी. तारे आहेत. फार लांब आहेत. त्यांना आपण इथं आहोत हेही माहीत नाही."

सर कधी खोटं बोलत नसत. मी ते मानलं. आयुष्यात पहिल्यांदा मानलं, आणि जे पुढं झालं ते त्यामुळंच झालं.

सरांचा एक प्रयोग होता. त्यांच्या वडिलांनी वर्षानुवर्षांची पंचांगं जपून ठेवलेली होती. सर ती ट्रंकेत भरून लॅबमध्ये आणायचे. प्रत्येकानं आपल्या जन्मतारखेला चंद्र कुठल्या नक्षत्रात होता ते आधी गणितानं काढायचं, मग पंचांगात ताडून बघायचं आणि आकाशाच्या नकाशावर ठिपका द्यायचा. पंचांगातलं गणित तेवढं घ्या, बाकी सोडून द्या, असं ते म्हणायचे. चंद्र फिरतो हे मुलांना एरवी पटत नाही, स्वतःचा चंद्र म्हटला की पटतं.

त्या वर्षी ते एकेकाला उभं करून तारीख विचारायला लागले.

"एक जून."

"तुझी?"

"एक जून, सर."

"तुझी?"

"माझी पण."

पाचवा उभा राहायच्या आधीच वर्ग हसायला लागला. सर म्हणाले, "म्हणजे एक जूनला अख्खा शाहूवाडी तालुका जन्माला आला काय?"

मागून एकजण म्हणाला, "मास्तरांच्या हातानं आला, सर."

खेड्यातल्या शाळेत हे असंच होतं. पोरगं शाळेत घालायला आणलं आणि आईबापाला तारीख सांगता आली नाही की मास्तर एक जून टाकून मोकळे. निम्म्या वर्गाची दाखल्यावरची तारीख तीच. नकाशावर निम्म्या वर्गाचे चंद्र एकावर एक बसले असते.

सर म्हणाले, "असला चंद्र मला नको. दिवाळीला घरी जाताय, आईला विचारा. तिला तारीख माहीत नसेल, सण माहीत असेल, पाऊस माहीत असेल, कुठलं पीक उभं होतं ते माहीत असेल. तिथून तारीख काढा. जो काढेल त्याचा कागद बोर्डावर लावीन."

ती मुलगीही एक जूनवालीच होती.

दिवाळीनंतर ती आली ती खुशीत. आईला विचारलं तर आई आधी बोलेचना. मग भांडी घासता घासता म्हणाली, बेंदराचा दिवस होता, बैलं मिरवून परत येत होती तेव्हा झालीस. एवढं सांगून म्हणाली, कुणाला सांगत बसू नको. हिनं का म्हणून विचारलं नाही. तिचं डोकं गणितात होतं. आमच्याकडचा बेंदूर आषाढात, पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी. आषाढाच्या पौर्णिमेला चंद्र आषाढा नक्षत्रांपाशी, पूर्वा नाहीतर उत्तरा. तिथून एक-दोन पावलं मागं, मूळ. मग तिनं पंचांग उघडलं आणि बरोबर तेच निघालं. पंचांग न उघडता बेंदरावरून नक्षत्र काढणारी ती पहिलीच मुलगी, असं सर म्हणाले. कागद हातात धरून ते दोनदा लॅबभर फिरले.

त्या दिवशी भिंगं पुसताना तिनं विचारलं, "मावशी, मूळ वाईट असतं का?"

"कोण म्हणलं?"

"होस्टेलमध्ये एक मुलगी म्हणाली. कागद बघून."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. हा कागद फाड आणि एक जूनचा चंद्र काढून दे, एवढंच सांगायला हवं होतं. मूळ म्हणजे काय ते त्या अख्ख्या कॉलेजात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? सासूनं पंचवीस वर्षं शिकवलं होतं. पण मी गच्चीवर बघून आले होते आणि मला शहाणपण सुचलं होतं.

"काय वाईट न्हाई," मी म्हणाले. "तारे हायत. शेपटीचे."

"मला पण तेच वाटलं," ती म्हणाली.

सरांनी निवडलेले पाच-सहा कागद माझ्याकडं दिले आणि टाचण्यांची डबी दिली. बोर्ड लॅबच्या बाहेर, जिन्यासमोर. ऑफिसातून प्रिन्सिपॉलच्या खोलीकडं जाणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोरून जातो. मी एकेक कागद लावत गेले. तिचा कागद हातात आला तेव्हा थांबले. वर तिचं नाव. खाली "शाळेच्या दाखल्यानुसार १ जून" लिहून त्यावर सरळ रेघ मारलेली. त्याखाली खरी तारीख. आणि त्याखाली लाल शाईनं, पट्टी धरून लिहावं तसं, "जन्मनक्षत्र : मूळ."

तोंडात टाचणी धरून मी ते वाचलं. मला चांगलं आठवतं की मी वाचलं. मग मी तो कागद मधोमध लावला. कडेला लावला असता तर कदाचित दारामागं झाकला गेला असता. मी मधोमध लावला, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून. हा शब्द असा उघड्यावर, नावासकट, न लाजता लिहिलेला मी कधी बघितला नव्हता. तो मला तिथं बघायचा होता. मुलगी दुसऱ्याची होती.

तिसऱ्या दिवशी हेडक्लार्क बोर्डासमोर उभे दिसले. चष्मा कपाळावर, नाक कागदाला टेकलेलं. मी बादली घेऊन चालले होते.

"हे कुणी लावलं?"

"मी."

"तुला वाचता येतं न्हवं?"

"येतं चौथीपर्यंत."

"मग वाच काय लिहिलंय."

"जन्मनक्षत्र मूळ."

"आमच्या हातात रेवतीची पत्रिका दिलीया. एक जूनची." त्यांचा आवाज चढला नव्हता. शाळेत मास्तरांनी टाकलेली तीच तारीख घेऊन मुलीच्या बापानं पत्रिका करून घेतली होती, हे मला तेव्हा कळलं. "बापानं लपवलं आणि पोरगीनं लाल शाईनं लिहून चिकटवलं. देवच म्हणायचा."

"साहेब, ते नुसते तारे हायत. सर गच्चीवर दावतात. तुमी पण या एकदा."

"सासरा मी हाय. तुला काय जातंय?"

मी बादली दुसऱ्या हातात घेतली. ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तुझा सासरा हाय का गं?"

"न्हाई. वारला."

"कधी?"

"लई वर्षं झाली."

"लग्नाआधी का लग्नानंतर?"

"नंतर."

"तुझं नक्षत्र कुठलं?"

"मला ठावं न्हाई," मी म्हणाले.

मी खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर त्यांना आयता पुरावा मिळाला असता. खोटं सांगून तिला काही मिळालं असंही नाही. साखरपुड्याला चार दिवस होते. त्याच संध्याकाळी त्यांनी मलकापूरला लग्न मोडल्याचा निरोप धाडला.

तिचे वडील आले ते थेट लॅबमध्ये. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. सर एका बॅचला स्पेक्ट्रोमीटर लावून देत होते. त्यांनी मुलांना बाहेर घालवलं आणि वडिलांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

सरांनी त्यांना समजवायचा प्रयत्न केला. खरोखर केला. टेबलावरचा पृथ्वीचा गोल पुढं ओढला, खडू घेतला, चंद्र कसा सरकतो, सत्तावीस नक्षत्रं म्हणजे नुसते वाटेवरचे दगड कसे, हे सगळं पहिल्या तासाला सांगतात तसं सांगितलं. वडिलांनी पुरतं ऐकून घेतलं. दुकानदार माणूस, गिऱ्हाईकाचं मधे तोडायची सवय नव्हती.

मग म्हणाले, "पटलं, सर."

सरांनी खडू खाली ठेवला.

"तुमच्या घरात पोरगा हाय का लग्नाचा?"

"नाही. मला दोन मुलीच आहेत."

"मग भाऊबंदात बघा की कुणीतरी. मूळ चालणारा. तुमाला पटलंय, मला पटलंय. आता सासरा पटवून द्या एक."

सर खडूचे हात पँटीला पुसत राहिले.

"मला ठाऊक होतं तिचं मूळ," वडील म्हणाले. "बाराव्या दिवशी शांत केलीया आमी. कुणाला पत्ता लागू दिला न्हाई वीस वर्षं. आईनं तोंड उघडलं तुमच्या अभ्यासापायी. आणि त्यो कागद भिंतीला कुणी मारला?"

मी कपाटापाशी होते. भिंगांचे डबे लावत होते. दोन डबे लावून झाले होते, तिसरा हातात होता.

"मी लावायला सांगितला," सर म्हणाले.

ते खरं होतं. मी तिसरा डबा जागेवर ठेवला आणि चौथा उचलला.

वडिलांनी मुलीचं नाव त्याच आठवड्यात कॉलेजातून काढलं. परीक्षेचा फॉर्म भरलेला होता. सर प्रिन्सिपॉलकडं गेले, होस्टेलच्या बाईंकडं गेले, एस.टी.नं मलकापूरला जाऊन आले. तिथं त्यांना चहा मिळाला. दुसरं काही मिळालं नाही.

जायच्या दिवशी ती जर्नल न्यायला आली. मी बोर्डावरचा कागद काढून कपाटात घालून ठेवला होता. तो पुढं केला. तिनं घेतला नाही.

"राहू दे तुमच्याकडंच."

"जर्नल?"

"जर्नल न्यायचंय." पण तिनं तेही उचललं नाही. उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही म्हणाला होता काय वाईट नाही."

"ताऱ्यात न्हाईच."

"मग कशात आहे?"

मी मुळावरची आहे, हे तिला तेव्हा तरी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग तुम्हाला माहीत होतं. म्हणून नाही सांगितलं. तिनं जर्नल उचललं, पिशवीत घातलं आणि गेली. जिना उतरताना बोर्डाकडं बघितलं नाही. बोर्डावर मधोमध टाचण्यांची चार भोकं होती.

मुळावरच्या मुलीसाठी सासरा आधीच वारलेलं घर शोधतात. तसं घर मिळालं की बाकीचं कुणी बारकाईनं बघत नाही. तिला दोन महिन्यांत मिळालं, मलकापूरच्या पुढं रत्नागिरीच्या वाटेवर. नवरा तिच्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठा, पहिली बायको मेलेली. हे मला होस्टेलच्या मुलींनी सांगितलं.

सरांनी तो प्रयोग बंद केला. पुढच्या वर्षीपासून ते फळ्यावर स्वतःच चार तारखा लिहून द्यायचे, कुणाच्याच नसलेल्या. मुलं त्या सोडवायची. चंद्र बरोबर निघायचा, पण नकाशाभोवती कुणी गर्दी करत नसे. पंचांगांची ट्रंक त्यांनी घरी नेली. काही वर्षांनी तो पेपरही गेला, घेणारी मुलं कमी पडली. दुर्बीण कपाटात गेली. मी दर महिन्याला तिची धूळ पुसायचे, कारण ते माझ्या कामात होतं.

हेडक्लार्क अजून आहेत. ऐंशीच्या पुढं गेलेत. सकाळी रंकाळ्यावर फिरताना दिसतात, काठी न घेता. मुलाचं लग्न त्यांनी दुसरीकडं केलं. मला एकदा थांबवून म्हणाले, "बघ. हाय का न्हाई अजून?" मी म्हटलं, "हायसा."

दोन हजार साल उलटल्यावर, पाच-सहा वर्षांनी असेल, मी एका लग्नाला मलकापूरला गेले होते. परतीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसले होते. शेजारी एक बाई येऊन बसली, मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं.

"मावशी, भिंगं पुसताय का अजून?"

तेव्हा ओळखलं. अंगानं वाळली होती. पुढचा एक दात नव्हता. तो कसा गेला ते मी विचारलं नाही. नवरा बरा आहे का, एवढं विचारलं. ती म्हणाली, "आहे." सासूचं विचारलं. म्हणाली, "आहे. खमकी आहे." मूळ माहीत असून हिला घरात घेतलं, हे सासू रोज एकदा तरी बोलून दाखवायची.

मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "कधीची गं ही?"

तिनं आधी इकडंतिकडं बघितलं, मग हळू आवाजात सांगितलं. आवाज पूर्वीसारखाच होता. पोरगी घरीच झाली, सुईणीच्या हातानं. नोंद करायला चार दिवसांनी नवरा ग्रामसेवकाकडं गेला. तारीख हिनं सांगितली. खरी नव्हे. एक दिवस आधीची.

"एक जून न्हाई टाकलीस?"

"एक जून धोक्याची असते, मावशी. कुठलं नक्षत्र येईल सांगता येत नाही. मी मोजून टाकली." तिनं पदराखाली बोटं मोजून दाखवली. "माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी झाली ही. पौर्णिमेला मघा. त्याच्या आदल्या दिवशी आश्लेषा. आश्लेषा सासूवर असते. पोरीला पुढं सासू मिळायची नाही. म्हणून अजून एक दिवस मागं घेतलं. पुष्य. पुष्य सगळ्यांना चालतं."

"पंचांग बघितलंस?"

"आमच्याकडं कुठलं पंचांग? तोंडीच केलं." मग म्हणाली, "तुम्ही कुणाला सांगू नका."

"न्हाई सांगत."

"बोर्डावर पण लावू नका," ती म्हणाली, आणि हसली की काय ते मला नीट कळलं नाही, कारण तिनं तोंडावर पदर घेतला होता. तिची गाडी लागली. ती पोरीला काखेत मारून चढली.

मी शब्द मोडला. एकाच माणसापाशी मोडला. सर तेव्हा रिटायर होऊन घरी होते, गुडघे गेलेले. मी कधीतरी त्यांच्याकडं जायचे. मी त्यांना सगळं सांगितलं, दात सोडून. सर ऐकत राहिले. मग त्यांनी उजव्या हाताची बोटं उघडली आणि अंगठ्यानं एकेक पेर मोजलं. मघा. आश्लेषा. पुष्य. पुन्हा एकदा मोजलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी मला पंचांगांची ट्रंक रद्दीवाल्याला द्यायला सांगितली. मी त्याच दिवशी दिली.